पहिलीचा वर्ग सगळ्यात शेवटी उघडला

एप्रिल २०२०च्या अखेरीस आमच्या शाळेचं कुलूप निघालं, पण शिकवण्यासाठी नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर टाळेबंदीत अडकून पडलेल्या लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी सरकारने १७ एप्रिलला दिली आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत आमच्या तांड्यावरची माणसं ट्रकमधून उतरू लागली. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आमची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. परतलेली काही कुटुंबं याच दोन खोल्यांत विलगीकरणात राहिली. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती, तीन अंकी बेरजा तशाच होत्या. आदल्या नोव्हेंबरात ऊसतोडीच्या फडावर गेलेली मुलं सहा महिन्यांनी शाळेत आली, तेव्हा शाळा बंद होती.

त्यातली एक सहा वर्षांची पोर जूनमध्ये पहिलीत यायची होती. भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यापुढे ती दिवसभर घुटमळायची. शिधा द्यायला मी तोंडाला रुमाल बांधून खिडकीबाहेर थांबलो होतो, तेव्हा तिने एका अक्षरावर बोट ठेवून गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजारा बोलीत, विचारलं, हे काय आहे? मी बाहेरूनच सांगितलं, हा 'म', मक्याचा. दुसऱ्या दिवशी विटेच्या तुकड्याने तिने फरशीवर चार-पाच 'म' काढून ठेवले होते. चौदा दिवस संपले, ती घरी गेली, खोल्यांवर औषध फवारलं आणि कुलूप लागलं.

त्यानंतर ती वर्गात येऊन बसली जून २०२२मध्ये. तोवर ती तिसरीत गेलेली होती.

सरकारी हिशेबात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ असे वीसेक महिने बंद होते. १ डिसेंबर २०२१ला ते उघडले. पण डिसेंबर हा ऐन गळिताचा महिना. आमच्या तांड्यावरची निम्मी घरं तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या फडांवर होती आणि पोरं त्यांच्यासोबत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, महिनाअखेरीस पुन्हा उघडल्या. त्या वर्षी ऊस इतका अमाप झाला होता की काही कारखान्यांची धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. त्यामुळे एप्रिलमध्ये परतणाऱ्या टोळ्या मे उलटल्यावर परतल्या. राज्याच्या लेखी जी शाळा डिसेंबरात उघडली, ती या मुलीसाठी उघडली जूनमध्ये. तिचं पहिली आणि दुसरीचं अख्खं वर्ष गेलं. हजेरीपटावर मात्र तिचं नाव तिन्ही वर्षं व्यवस्थित पुढे सरकत आलेलं दिसतं, कारण सगळ्यांनाच वरच्या वर्गात घालायचं होतं.

मी आरोग्यशास्त्राचा जाणकार नाही. मार्च २०२०मध्ये शाळा बंद केल्या ते बरोबरच होतं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत माझ्या ओळखीतले शिक्षक गेले. कुणी सर्वेक्षण करताना, कुणी तपासणी नाक्यावर उभं राहून आजार घरी आणला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या मोहिमेत आम्ही दारोदार ऑक्सिजन मोजत हिंडलो आहोत. तेव्हा भीती काय असते ते मला कुणी सांगू नये. माझा मुद्दा शाळा बंद करण्याबद्दलचा नाही, त्या कुठल्या क्रमाने उघडल्या याबद्दलचा आहे.

तो क्रम एकदा शांतपणे डोळ्यांखालून घालावा. ऑगस्ट २०२०मध्ये मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहं, १६ नोव्हेंबरला देवळं. २३ नोव्हेंबरपासून जिथे स्थानिक प्रशासनाला योग्य वाटेल तिथे नववी ते बारावी. २७ जानेवारी २०२१ला पाचवी ते आठवी. पहिली ते चौथीचं नावही कुणी काढलं नाही आणि तेवढ्यात दुसरी लाट आली. लाट ओसरल्यावर पुन्हा तसंच झालं: जुलैत करोनामुक्त गावांमध्ये आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरला गावांत पाचवीपासून पुढचे वर्ग आणि अगदी शेवटी, डिसेंबरात, पहिली.

हे विज्ञानाने सांगितलं होतं असं म्हणायला जागा नाही. २० जुलै २०२१ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की शाळा उघडायच्याच झाल्या तर आधी प्राथमिक शाळा उघडणं शहाणपणाचं ठरेल, कारण लहान मुलं या विषाणूला मोठ्यांपेक्षा बरी तोंड देतात. त्याच सुमाराला परिषदेची चौथी रक्तचाचणी पाहणी आली. त्यात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना, शाळा बंद असूनही, लागण होऊन गेली होती. आमच्या तांड्यावर हे कुणाला सांगायची गरजच नव्हती. मुलं दिवसभर एकत्र खेळत होती, एकाच हौदावर अंघोळ करत होती, एकाच ट्रकमध्ये बसून फडावर जात होती. शाळा बंद ठेवून त्यांचं एकमेकांत मिसळणं थांबलं नाही, थांबलं ते शिकणं तेवढं.

मग वरचे वर्ग आधी का? लहान मुलांना मास्क आणि अंतर पाळता येत नाही, हे कारण दिलं गेलं आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. दहावी-बारावीला बोर्डाची परीक्षा असते. परीक्षेला वजन आहे, पालकांचा दबाव आहे, त्यावर पुढचे प्रवेश अवलंबून आहेत, वर्तमानपत्रांचे मथळे आहेत. पहिलीला काय आहे? पहिलीच्या पोराला आधी अक्षर भेटायचं असतं. ते वेळेत भेटलं नाही तर पुढची सगळी पुस्तकं त्याला बंद राहतात. बोर्डाच्या परीक्षेचं नुकसान मोजता येतं, बातमीत छापता येतं. अक्षर न भेटल्याचं नुकसान पाच-सात वर्षांनी दिसतं आणि तोवर त्याचं कारण 'पोरगं अभ्यासात कच्चं आहे' असं होऊन बसलेलं असतं. २०२१मध्ये परीक्षा न होताच दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ज्यांची नावं यादीत होती ती पार झाली. यादीत येण्याआधीच गळालेल्यांची कुठे नोंद नाही.

इथे मला जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षणनीतीवर बोट ठेवलं होतं. वरच्या थरातल्या थोड्या लोकांना उच्च शिक्षण द्या, त्यांच्याकडून ते आपोआप खाली झिरपेल, असा तेव्हाचा समज होता. फुल्यांचं म्हणणं असं होतं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्यांच्या शिक्षणावर. झिरपत तर काहीच नाही. म्हणून आधी प्राथमिक शिक्षण, तेही बारा वर्षांपर्यंत सक्तीचं, अशी त्यांची मागणी होती. करोनाकाळात शाळा वरच्या वर्गांकडून खालच्या वर्गांकडे उघडत आल्या, मोबाइलवाल्यांकडून बिनमोबाइलवाल्यांकडे यायच्या होत्या, तेव्हा जुन्या झिरपणीच्याच वाटेने आपण निघालो होतो. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत आल्यानंतर, २००९चा शिक्षणहक्क कायदा झाल्यानंतर.

ऑनलाइनबद्दल बोलायलाच हवं, कारण 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हे तेव्हाचं घोषवाक्य होतं. राज्याच्या अभ्यासमालेच्या लिंका रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या, आम्ही त्या पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवायचो आणि संध्याकाळी किती मुलं 'ऑनलाइन जोडलेली' आहेत तो आकडा एका फॉर्मात भरायचो. आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये अकरा नंबर होते. त्यातले सहा बापांचे, आणि ऑक्टोबरनंतर ते सहाही फोन फडावर. बाप पहाटे चारला ऊस तोडायला जायचा, फोन त्याच्या खिशात, त्यात रेंज असली तर पॅक नाही, पॅक असला तर चार्जिंग नाही. पण आकडा भरताना घरात स्मार्टफोन आहे म्हणजे मूल जोडलेलं आहे, असंच धरलं जायचं. तो आकडा मीही भरला. त्या फॉर्मात 'फोन आहे, पण मुलाच्या हाती नाही' असा रकाना नव्हता हे खरं, पण रकाना नाही म्हणून मी खालच्या कोऱ्या जागेत तसं लिहून पाठवायला हवं होतं आणि ते मी केलं नाही. याची मला आजही खंत आहे, कारण अशाच हजारो फॉर्मांची बेरीज होऊन वर असं चित्र गेलं की बरंचसं ठीक चाललं आहे.

ठीक चाललेलं नव्हतं. ऑगस्ट २०२१मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. गावांतली फक्त ८ टक्के मुलं नियमितपणे ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलं काहीही शिकत नव्हती. ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्या ग्रामीण घरांतलीसुद्धा जेमतेम १५ टक्के मुलं नियमित ऑनलाइन होती. आणि हा आकडा जातीने फोडला की आणखी बोलतो: गावांतल्या दलित-आदिवासी मुलांमध्ये नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतरांमध्ये १५. 'डिजिटल दरी' या शब्दामुळे ती दरी जणू यंत्रांची आहे असं वाटतं. ती दरी जमिनीची आहे, जातीची आहे, हंगामी पोटाची आहे. फोन तिच्यावरून नुसता फिरला.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मुलांच्या अभ्यासाची मालिका लागायची, तिच्याबद्दल मला आदरच आहे. टीव्हीला पॅक लागत नाही आणि करणाऱ्यांनी ती मनापासून केली होती. तांड्यावर ज्या दोन-तीन घरांत टीव्ही होता तिथे पोरं जमायची. पण पहिलीचं बंजारा पोर घरी आईला 'याडी' म्हणतं आणि भाकरीला 'बाटी'. त्याला मराठी येते ती शाळेत, बाईंच्या तोंडाकडे बघत, मित्राच्या ढोपरावर ढोपर ठेवून, चुकत, हसत. समोरची पडद्यावरची ताई कितीही गोड असली तरी पोराच्या 'बाटी'ला 'भाकरी' हा शब्द जोडून द्यायला ती पडद्याबाहेर येऊ शकत नाही. माझ्या तांड्यावरच्या मुलांची शाळा बंद झाली तेव्हा त्यांची मराठीही बंद झाली. याचा उल्लेख मी कुठल्याही परिपत्रकात वाचला नाही.

आहाराचंही असंच. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच स्वतःहून दखल घेतली होती की शाळा बंद झाल्या तर मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काय. त्यामुळे तांदूळ आणि कडधान्य घरपोच देणं सुरू झालं, आणि त्या वितरणाला माझा सलाम आहे, कारण ते नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. तरीही शाळेत शिजलेल्या खिचडीतले शंभर ग्रॅम तांदूळ त्या एका मुलाच्या ताटात पडतात. घरी दिलेला तांदूळ सात जणांच्या पातेल्यात जातो आणि धाकट्या मुलीच्या वाट्याला सगळ्यात शेवटी येतो.

या सगळ्यात ज्याने माझी झोप उडवली ती गोष्ट हंगामी वसतिगृहाची. बाहेरच्यांना ती फारशी ठाऊक नसते म्हणून सांगतो. आई-बाप ऊसतोडीला गेले की मूल गावातच आजी-आजोबांकडे राहावं, शाळेत यावं आणि त्याला दोन वेळचं जेवण मिळावं, यासाठी शासन हंगामी वसतिगृहं चालवतं. त्यात उणिवा पुष्कळ आहेत. पैसे उशिरा येतात, आजी थकलेली असते. तरी माझ्या सेवेत मी पाहिलेली सगळ्यात उपयोगी योजना हीच. पण तिची नाळ शाळेशी जोडलेली. २०२० सालच्या दसऱ्यानंतर शाळा बंद, म्हणून वसतिगृह बंद. साखर कारखाने मात्र बंद नव्हते. उसाला करोना नाही, साखर अत्यावश्यक, त्यामुळे मुकादमाने, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराने, उचल (आगाऊ मजुरी) वाटली, ट्रक आले, टोळ्या निघाल्या. मुलांना मागे ठेवायला जागा नव्हती, म्हणून मुलंही निघाली.

कोपीवर मूल काय करतं? सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते, पाणी भरते, बाटी थापायला शिकते. मुलगा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतो, बारक्या मोळ्या बांधतो. बारा-तेराव्या वर्षी त्याच्या हातात कोयता येतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि उचल मिळते ती कोयत्यावर. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. करोनात ज्या बाईचा नवरा गेला ती अर्धा कोयता झाली. तेरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून तिच्यासोबत उभा राहिला की तो कोयता पुरा होतो. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१मध्ये पाच लाखांच्या ठेवीची योजना आणली. बाप गेलेल्या मुलांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, २०२३पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. पण मृत्यू घरी झाला, चाचणी झालीच नव्हती, दाखल्यावर कारण वेगळं लिहिलं, अशा घरांतल्या बायका कागद गोळा करत हिंडताना मी पाहिल्या आहेत. त्या कागदांच्या फेऱ्यांत एक हंगाम सहज निघून जातो.

आणि मुलींची लग्नं. टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती, म्हणजे खर्च कमी. शाळा बंद, म्हणजे 'आज का आली नाही' असं विचारणारं कुणी नाही. मुलीला घरी एकटी ठेवून फडावर जायची भीती, आणि लग्न लावून दिलं तर एक नवा कोयता तयार. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, आणि तो तेव्हा करोनाच्या ड्युटीत बुडालेला. आमच्या शाळेतून चौथी होऊन शेजारच्या गावी गेलेल्या तीन मुली त्या दीड वर्षात सासरी गेल्या. एकीचा शेवटचा निरोप होता, तिची वही माझ्याकडे राहिली आहे ती ठेवून द्या. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालेलं होतं, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलं. राज्यात ती पाहणी झाली २०१९मध्ये, म्हणजे महामारीच्या आधी, आणि मराठवाड्यातलं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या बरंच वर आहे. आधीच ओली असलेली भिंत होती, तिच्यावर हा पूर आला.

आता कुणी म्हणेल, झालं ते झालं, मुलं सावरली, आकडे बघा. आकडे मी बघितले आहेत आणि ते लपवायचं मला काही कारण नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८मध्ये २७.३ टक्के होती, २०२२मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४मध्ये २७.१ वर परत आली. पण २०२४ला तिसरीत असलेलं मूल पहिलीत आलं २०२२ला. त्याची शाळा एक दिवसही बंद नव्हती. त्याच्या वाचनावरून २०२०च्या मुलांचं नुकसान भरलं असं म्हणता येणार नाही, ती मुलं वेगळी. २०२०ला ज्यांची पहिली घरी गेली ती मुलं २०२४ला पाचवीत होती. पाचवीचा आकडा २०१८ला ५०.५ होता, २०२२ला ४२.८ आणि २०२४ला ४८.८. म्हणजे ही तुकडीसुद्धा बरीचशी सावरलेली दिसते. हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण ते कुणी केलं? पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला आणि गेला, अ‍ॅप आली आणि गेली. पोरं सावरली ती वर्ग भरल्यावर, पाटी-खडू घेऊन, पाचवीच्या मुलाला न लाजवता त्याला पुन्हा जोडाक्षरांपासून शिकवणाऱ्या शिक्षकांमुळे. जी गोष्ट दोन वर्षांत लाखो लिंकांना जमली नाही ती उघड्या शाळेने दोन वर्षांत करून दाखवली.

पण दोन गोष्टी या टक्क्यांत बसत नाहीत. पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, ही जर आपली 'पूर्वपदावर आलेली' स्थिती असेल, तर ते पूर्वपद कुणाच्या पदरात काय टाकत होतं हे विचारायला हवं. आणि दुसरी, माझ्या दृष्टीने मोठी: टक्केवारी काढताना भागायला घेतात ती हाती लागलेली मुलं. जी मुलगी सासरी गेली ती पाचवीच्या टक्क्यात नाही. जो मुलगा अर्ध्या कोयत्याचा पुरा कोयता करायला गेला तो आठवीच्या टक्क्यात नाही. गळालेल्यांना वगळलं की सरासरी आपोआप सुधारते. वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल शाळा सोडून गेलं की वर्गाचा निकाल चांगला लागतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं, आणि म्हणूनच निकालावर समाधान मानायचा हक्क आम्हाला नाही.

उघडी शाळा हेच औषध असेल तर महामारीनंतर आपण काय केलं? सप्टेंबर २०२३मध्ये २०पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने पुढे आणला. राज्यात अशा शाळा सुमारे १५ हजार आहेत. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, मैदान असेल, विषयाला शिक्षक असेल, हे मी मान्य करतो. दोन शिक्षकांनी चार वर्ग ओढायचे म्हणजे काय ते मला रोज कळतं. पण आमचा पट डिसेंबरात बाराच्या आसपास असतो आणि जूनमध्ये सत्तावीस. कुठल्या महिन्याचा पट मोजणार? डोंगर उतरून, ओढा ओलांडून सहा वर्षांचं मूल बसने जाईल असं कागदावर लिहिता येतं. ती बस एक महिना आली नाही की मुलगी घरी बसते, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे तर करोनाने आपल्याला आत्ताच शिकवलं होतं. दाराशी असलेली शाळा बंद झाली की कोण आधी गळतं, याचा दीड वर्षाचा, अख्ख्या राज्याचा पुरावा हाती असताना तीच चूक कायमची करायची का?

माझं मागणं फार मोठं नाही. २०२० ते २०२२मध्ये पहिली ते आठवीत नाव असलेल्या प्रत्येक मुलाचं आज काय झालं, ते नावानिशी शोधा. हे अवघड नाही. प्रत्येक शाळेकडे ते हजेरीपट आहेत आणि तांड्यावर कोण कुठे गेलं हे शिक्षकाला, अंगणवाडीताईला, आशाताईला तोंडपाठ असतं. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन खास प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. करोनातली मुलं कागदोपत्री शाळेत होती, वर्गोन्नतही झाली, म्हणून ती या कलमात बसली नाहीत. त्यांना बसवायला हवं. घाई याची आहे की कायद्याची छत्री चौदाव्या वर्षी मिटते. २०२०ला जी मुलं तिसरीच्या पुढे होती ती त्या छत्रीबाहेर गेलीसुद्धा. त्यांच्यासाठी बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे, पण त्याची फी कोण भरणार, पुस्तकं कोण देणार, आणि सासरच्या अंगणात जाऊन 'तू परीक्षेला बस' असं तिला कोण सांगणार? एखाद्या शिक्षकाने आपल्या खिशातून दोन मुलींचे फॉर्म भरले तर त्याचं कौतुक होतं. हे कौतुकाचं काम असू नये, ते शासनाच्या देण्यात लिहिलेलं असावं. कारण ती शाळा मुलांनी सोडलेली नाही. आपण ती बंद केली होती, सार्वजनिक हितासाठी, त्यांना न विचारता, आणि त्या हिताचा सगळ्यात मोठा भार ज्यांच्या अंगावर पडला त्यांना अजून काही परत केलेलं नाही.

विटेच्या तुकड्याने 'म' काढणारी ती मुलगी आता सहावीत आहे. आमच्याकडे चौथीपर्यंतच वर्ग, म्हणून ती तीन किलोमीटरवरच्या गावी चालत जाते. ती वाचते. जोडाक्षराशी थांबते, ओठ हलवून बघते, मग पुढे जाते. तिसरीत आली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिच्या वयाच्या ज्या पोरांना दुसरीतच गोष्टीची पुस्तकं मिळाली त्यांच्यापेक्षा ती हुशारीत तसूभरही कमी नाही, हे मी तिच्या गणितावरून सांगतो.

परवा तिचे वडील शाळेत आले. मुकादमाकडून उचल घेऊन झाली आहे, दसऱ्यानंतर टोळी निघणार. त्यांनी विचारलं, "गुर्जी, औंदा हॉस्टेल दिवाळीच्या आधी चालू होईल का? झालं तर पोरीला म्हातारीजवळ ठेवतो. नाहीतर न्यावंच लागंल." गेल्या वर्षी ते सुरू झालं तोवर अर्ध्या टोळ्या निघून गेल्या होत्या. मी चौकशी करतो म्हणालो. तालुक्याला दोनदा फोन करून झाला आहे. पत्र अजून आलेलं नाही.